आडवाटेने नांदेडहून लातूरला
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)





चिटणीस साहेबांनी 'प्रवास आणि शिक्षण' हा विषय मला दिला. मी फार फिरलेला माणूस नाही. लंडन-दुबई पाहिलेली मंडळी आपल्या समाजात पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे मी प्रवासावर काय बोलावे? म्हणून मी आज आपणांस एका लहानशा प्रवासाची हकीकत सांगणार आहे. तो दोन दिवसांचा होता, नांदेडहून लातूरपर्यंतचा होता आणि त्यात मला माझ्याच घरातील एक उणीव दिसली.

माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. शाळेत 'ऐतिहासिक वास्तू' या विषयाची वही करायची होती. तिने आग्र्याचा ताजमहाल, दिल्लीचा लाल किल्ला आणि हैदराबादचा चारमिनार यांची चित्रे चिकटवली. वही सुरेख झाली होती. मी विचारले, "बेटा, आपल्या जिल्ह्यातले काहीच नाही?" ती सहज म्हणाली, "अब्बा, आपल्याकडे काय आहे?"

मी पेशाने इतिहासाचा शिक्षक. वर्गात इतकी वर्षे सनावळ्या पाठ करून घेतल्या आणि माझ्याच मुलीला कंधारचा किल्ला ठाऊक नाही! दोष तिचा कसा म्हणायचा? मी तिला तो कधी दाखवलाच नव्हता. ज्या नांदेड शहरात १७०८ साली गुरू गोविंदसिंहजींनी देह ठेवला, जिथे पंजाबातून आणि सातासमुद्रापलीकडून भाविक येतात, त्या शहरात आम्ही राहतो. दूरचे लोक आपल्या दारी येतात आणि आपण मात्र आपल्या दारापुढचे पाहत नाही.

थोरला मुलगा त्या वेळी लातूरला बारावीत होता. लातूर पॅटर्न आपल्याला सांगायला नको. चार दिवसांच्या सुटीसाठी तो घरी आला होता आणि त्याला परत पोहोचवायचे होते. एरवी आपण लोहा, अहमदपूर, चाकूर असे हमरस्त्याने जातो आणि तीन-साडेतीन तासांत लातूर गाठतो. या वेळी मी मेहुण्यांची जुनी जीप मागून घेतली आणि घरात जाहीर केले, की आपण कंधार, उदगीर, निलंगा, औसा असे फिरत फिरत दोन दिवसांनी लातूरला पोहोचू. चिरंजीव नाराज झाले. "अब्बा, माझी टेस्ट आहे." मी म्हटले, "पुस्तक गाडीत वाच." बेगमने डबे भरले आणि आम्ही निघालो.

दिवस मार्गशीर्ष महिन्याच्या अखेरचे होते. उस्माननगरच्या रस्त्याला लागलो तशी दोन्ही बाजूंना तूर पिवळी पडू लागलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले आणि ज्वारी पुरुषभर उंच झालेली. माळेगावची खंडोबाची यात्रा सुरू होत होती. टेम्पोत उभी केलेली घोडी आणि बैलगाड्यांमागे बांधलेली जनावरे यात्रेकडे चालली होती. मुलीने त्या दिवशी पहिल्यांदा मोबाईल खाली ठेवला.

कंधार हे मन्याड नदीच्या खोऱ्यातले गाव. एके काळी हे राष्ट्रकूटांचे महत्त्वाचे नगर होते. दहाव्या शतकातील तिसरा कृष्ण हा राजा कंधारपूरचा स्वामी म्हणून बिरुद मिरवीत असे. त्या काळचा जगत्तुंग समुद्र नावाचा विशाल तलाव आजही तेथे आहे. नाव 'समुद्र' का, असे मुलीने विचारले. मी म्हटले, ज्या मुलखात पाऊस बेभरवशाचा, तेथे पाणी साठवणारा राजा आपल्या तलावाला समुद्रच म्हणणार. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना पाण्याची किंमत आपल्याइतकीच कळत होती.

कंधारचा किल्ला भुईकोट आहे, म्हणजे डोंगरावर नसून सपाटीवर बांधलेला. सभोवार खंदक आहे. राष्ट्रकूटांनंतर काकतीय, यादव, बहमनी, निजामशाही, मोगल आणि शेवटी हैदराबादचे आसफजाही असे अनेक अंमल या दगडांनी पाहिले. मलिक अंबरच्या काळात हा किल्ला निजामशाहीचा आधार होता आणि १६३१ साली तो मोगलांकडे गेला. प्रत्येक राजवटीने आधीच्या भिंतीवर आपली भिंत चढवली. एकाच आवारात देवळाचा कोरीव दगड आणि फारसी शिलालेख दिसतात. कंधारलाच राष्ट्रकूट काळातील एका महाकाय क्षेत्रपाल-मूर्तीचे तुकडे सापडले आहेत. आणि याच कंधारमध्ये हाजी सय्याह सरवर मगदूम यांचा दर्गा आहे. 'सय्याह' म्हणजे प्रवासी. फिरत फिरत आलेला एक बुजुर्ग या मातीत थांबला आणि इथलाच झाला. आम्ही फातिहा पढून बाहेर आलो तेव्हा एक कुंकू लावलेली बाई लेकराला घेऊन आत जात होती.

विद्यार्थी मित्रांनो, किल्ला पाहताना एक गोष्ट करा. भिंतीवर आपले नाव कोरू नका. भिंतीवरची नावे वाचा. शिलालेख वाचता आला नाही तर त्याचा फोटो घ्या आणि उर्दूच्या सरांना दाखवा. आपल्या मदरशांत आणि शाळांत फारसी-उर्दू अक्षरे ओळखणारी मुले आहेत. आपल्या तालुक्याचा इतिहास वाचण्याची किल्ली तुमच्या हातात आहे, आणि ती वापरली जात नाही.

कंधारहून जांब, जळकोट असे उदगीरला जायचे होते. मी मध्येच एका फाट्यावर चुकलो. रस्ता अरुंद होत होत बैलगाडीची वाट झाला. एका आखाड्यावर लाल रंगाची गाय बांधली होती. आम्ही थांबून वाट विचारली. शेतकरी वयस्क होते. त्यांनी आधी वाट सांगितली नाही, बाज टाकली. "आदी पाणी प्या, मंग वाट सांगतो." पाणी झाले, गुळाचा चहा झाला. मग ते म्हणाले, की सांगून कळायचे नाही, आणि पुढच्या सीटवर येऊन बसले! दोन-अडीच किलोमीटर आमच्याबरोबर आले, डांबरी रस्त्यावर आणून सोडले आणि उतरून चालत परत निघाले. मी पैसे काढले तर रागावले. "वाटंचे पैसे घेतात व्हय, गुरुजी?"

ती लाल गाय म्हणजे आपली लाल कंधारी. पुढे देवणी तालुक्याकडे गेलात, तर पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली देवणी जात दिसेल. या दोन्ही गाईंना आपल्याच गावांची नावे आहेत आणि पशुवैद्यकाच्या पुस्तकात त्यांना मान आहे. मुलीने वहीत ही दोन नावे टिपली. त्यांना ताजमहालाशेजारी जागा मिळाली.

रात्री उदगीरला एका नातलगांकडे मुक्काम केला आणि पहाटे फजरची नमाज आटोपून किल्ला पाहायला गेलो. उदगीरचा किल्ला तीन बाजूंनी दरी आणि एका बाजूने चाळीसेक फूट खोल खंदक असा उभा आहे. किल्ल्यात उदयगीर ऋषींचे स्थान आहे. गावाला नाव त्यांच्यावरून मिळाले, असे मानतात. आणि आत फारसी-अरबी लेखही आहेत.

या उदगीरजवळ ३ फेब्रुवारी १७६० रोजी निजामाचा पराभव झाला. मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊ होते, आणि त्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारदी यांच्या हाती होता. फ्रेंचांच्या पद्धतीने शिकलेला हा तोफची पूर्वी निजामाच्याच चाकरीत होता. पुढल्या वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूने शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. मी हे किल्ल्याच्या तटावर उभा राहून सांगत होतो. माझा मुलगा, जो टेस्टच्या चिंतेत होता, तो म्हणाला, "हे आम्हांला पुस्तकात एका ओळीत होते." मी म्हटले, पुस्तकाला पाने मोजावी लागतात, इथे तुला तट दिसतो, खंदक दिसतो आणि तोफ कोठे ठेवली असेल तेही दिसते. याच उदगीरला २०२२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. भाषेचा असा मेळा आपल्या मुलखात भरतो आणि आपली मुले त्यापासून दूर राहतात, याचाही विचार पालकांनी करावा.

उदगीरहून आम्ही देवर्जनच्या बाजूने निघालो. तेथे हत्तीबेट नावाची टेकडी आहे. तिच्या पोटात गुहा आहेत. आणि १९४८ साली या टेकडीच्या आसऱ्याने गावकरी रझाकारांविरुद्ध लढले.

बंधु-भगिनींनो, येथे मला थोडे थांबावे लागेल. आपला हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या वर्षी रझाकारांनी खेड्यापाड्यांतील निरपराध हिंदूंवर जुलूम केले, हे सत्य आहे. आणि पोलीस ॲक्शननंतर याच जिल्ह्यांत निरपराध मुसलमान मारले गेले, घरे लुटली गेली, हेही सत्य आहे. भारत सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना चौकशीला पाठवले. त्यांच्या अहवालात उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, आणि नांदेड यांची नावे आहेत. तो अहवाल अनेक वर्षे लोकांपुढे आला नाही. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्यात आहे.

माझे वडील त्या वर्षी दहा वर्षांचे होते. उदगीरच्या बाजूचे एक खेडे सोडून ते आईबरोबर नांदेडला आले. पुढे साठ वर्षे ते जगले, पण त्या गावाचे नाव त्यांनी आमच्यापुढे क्वचितच घेतले आणि पाऊल तर कधीच टाकले नाही. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला त्या गावाचा फलक मला दिसला. मी गाडीचा वेग कमी केला, आणि पुन्हा वाढवला. मुलांना काहीच बोललो नाही.

निलंगा मागे पडले. तेथील नीलकंठेश्वराचे जुने दगडी देऊळ आम्ही बाहेरून पाहिले. उन्हे डोक्यावर आली होती, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. रस्त्यावरची गावे ओस होती. हॉटेले बंद, दुकाने बंद, घरांना कड्या. बेगम घाबरली. "काही गडबड तर नाही ना?" बघा, ओस गाव दिसले की आपल्या मनात आधी काय येते! मग मला आठवले, की आज येळवस.

नांदेडकडच्या मुलांना हा सण माहीत असेल-नसेल म्हणून सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे वेळ अमावस्या, लातूर-धाराशिवकडची येळवस. कर्नाटकाच्या सीमेकडून हा सण आला असे मानतात. त्या दिवशी झाडून सारे गाव शेतात जाते. लातूर शहरसुद्धा सामसूम होते. शेतात कडब्याची कोप करतात, तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात, त्यांना पांडव म्हणतात, आणि शेताची पूजा होते. मग जेवण. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. वाटसरूलाही हाक मारतात. एका वाटसरूला चार शेतांतून हाका येतात, आणि प्रत्येक ठिकाणी दोन घास खावे लागतात.

आम्हांलाही हाक आली. रस्त्याच्या कडेच्या शेतातून एक गृहस्थ धोतराचा सोगा सावरीत, हात उंचावून गाडीपुढे आले. "या की, जेवायला या!" मी गाडी उभी केली. तेव्हा मागून माझा मुलगा हळूच म्हणाला, "अब्बा, चला पुढे. त्यांनी गाडी बघून हाक मारली. आपल्याला बघितले की राहू देतील. आपल्याला कोण बोलावतंय?"

अठरा वर्षांच्या मुलाचे हे बोलणे. त्याला हे कोणी शिकवले? शाळेने नाही, मशिदीने नाही. मला फलकापाशी वाढवलेला गाडीचा वेग आठवला. माझ्या वडिलांचे मौन मी पुढे चालवले होते, आणि मौनातूनही मुले शिकतात. बाहेरच्या जगात जे द्वेषाचे बोलले जाते त्याचाही वाटा त्यात आहे, हे मी नाकारीत नाही. पण घरातला वाटा माझा होता.

मी गाडीतून उतरलो, टोपी डोक्यावर तशीच ठेवली. बुरख्यातली बेगम उतरली, मुलगी उतरली. शेवटी चिरंजीवही उतरले. त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर मी काही बदल शोधत होतो. मला तो दिसला नाही. ते म्हणाले, "पाव्हणं आल्यात, सतरंजी टाका."

जेवण सारे शाकाहारी, तेव्हा आम्हांला कसली अडचण नव्हती. भज्जी म्हणजे ताजे हरभरे, तुरीचे दाणे, वाटाणे, पालेभाज्या आणि बेसन यांची घट्ट भाजी. बाजरीचे उंडे, वांग्याचे भरीत, शेंगदाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर. आणि बिंदग्यातले गार आंबील, ज्वारीच्या पिठाचे आणि ताकाचे. बेगमने आंबील कसे करतात ते घरच्या आजींना विचारले, आणि आजींनी तिला कोपीपासून चुलीपर्यंत सगळे दाखवले. पूजा आम्ही येण्याआधी झाली होती. आम्ही कोपीच्या बाहेर बसलो. आत या, हात जोडा, असे कोणी म्हटले नाही. जोहरची वेळ झाली तेव्हा मी जरा अवघडून विचारले, की बाजूला पाच-दहा मिनिटे नमाज पढू का? आजींनी घडीची गोधडी काढली, चिंचेखाली स्वतः अंथरली आणि पोरांना दटावले, "गप बसा रं, त्येंची पूजा चाललीय."

जेवता जेवता मी त्या गृहस्थांना विचारले, की ओळख ना पाळख, तुम्ही आम्हांला का बोलावले? ते हसले. मग म्हणाले, "गुरुजी, त्र्याण्णवला भूकंप झाला. आमचं घर पडलं. माझी थोरली बहीण गेली. महिनाभर आमाला कोण कोण जेवू घातलं. ट्रकातून माणसं यायची, भाकरी वाढायची, निगून जायची. आमी जात इचारली न्हाई, त्येनी बी इचारली न्हाई. आता आमच्या शेतात पिकतंय तर मी कसा इचारू?"

३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. किल्लारी आणि आसपासची गावे पहाटे चारच्या सुमारास झोपेत गाडली गेली. आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. त्या वेळी साऱ्या मराठवाड्यातून आणि देशातून मदत गेली. आपल्या मोहल्ल्यांतूनही गेली. त्या गृहस्थांनी ती उपकाराची गोष्ट म्हणून सांगितली नाही. खाल्लेली भाकरी कोणाला तरी परत वाढायची असते, एवढेच ते सांगत होते.

निघताना आजींनी मुलीच्या ओढणीत हरभऱ्याचे डहाळे बांधले. आणि मग त्या मला म्हणाल्या, अगदी सहज, "बाबा, तुमच्या सणाला तुमी बोलावता का न्हाई कुणाला?"

बंधु-भगिनींनो, मला उत्तर देता आले नाही. आपल्याकडे मेहमाननवाजीचा अभिमान मोठा आहे. पाहुण्याचा आदर ईमानाशी जोडलेला आहे, असे आपण वाजात ऐकतो. ईदला माझ्या घरी पन्नास माणसे येतात. सगळी आपल्यातली. शाळेतले दोन-चार हिंदू सहकारी येतात, तेही दारात शीरखुर्मा घेऊन जातात. पण खेड्यातला एक माणूस, ज्याची भाकरी मी खाल्ली, त्याला मी कधी बोलावले नव्हते. आपल्याला कोण बोलावतंय, असे मुलगा म्हणाला होता. आजींनी तोच प्रश्न उलटा करून माझ्यापुढे ठेवला.

दुपारी खरोशाची लेणी पाहिली. जांभ्या दगडात सुमारे सहाव्या शतकात खोदलेली ही लेणी आहेत. दगड मऊ, त्यामुळे झिजलेला. पण शिव-पार्वती, नरसिंह ही शिल्पे ओळखता येतात आणि तेथेच बुद्धमूर्तीही आहे. एका टेकडीवर दोन मतांची माणसे हातोडी-छिन्नी घेऊन राबली. संध्याकाळी औशाला पोहोचलो. औशाचा किल्लाही भुईकोट, दुहेरी तटाचा. हबशी वंशाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि कर्तृत्वाने निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर याने या गावाला काही काळ अंबरापूर नाव दिले होते. १६३६ साली उदगीर आणि औसा दोन्ही मोगलांकडे गेले. गावात औरंगजेबाच्या काळातील जामा मशीद आहे. तेथे आम्ही मगरिबची नमाज अदा केली. रात्री मुलाला लातूरला वसतिगृहावर सोडले. उतरताना तो म्हणाला, "अब्बा, त्यांचा फोन नंबर घेतला का?" मी घेतला नव्हता. त्याने घेतला होता.

त्या वर्षीच्या ईदला मी फोन केला. पाच माणसे आली. काही नातलगांनी नाक मुरडले, तेही सांगतो. आमच्यातही अशी माणसे आहेत. बेगमने आदल्या दिवशीच फोनवर विचारून घेतले होते, की तुमच्यात काय चालते. तिने नवी पातेली आणली आणि शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या चुलीवर केला. जशी त्यांनी गोधडी अंथरली होती, तशी आम्ही ही पातेली आणली. आजी आल्या नाहीत. गुडघे धरले होते. त्यांनी निरोप पाठवला, की मला येववत नाही, तुम्हीच येळवशीला या. आम्ही गेलो. आता दरवर्षी जातो.

आणि वडिलांच्या गावालाही मी गेलो, दुसऱ्या वर्षी. घर उरले नव्हते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या आजोबांचे नाव ओळखले. ते बराच वेळ माझा हात धरून बसले. आम्ही दोघेही फारसे बोललो नाही. त्यांनी मला आमच्या विहिरीची जागा दाखवली. सारे मिटले, असे मी म्हणणार नाही. पण आता त्या फलकापाशी माझ्या गाडीचा वेग वाढत नाही.

आता शेवटी तीन सूचना करतो आणि आपली रजा घेतो.

पहिली सूचना संस्थेला. शाळेची सहल दरवर्षी लांबच्या थंड हवेच्या ठिकाणी जाते, किंवा बागेत. एक वर्षाआड ती आपल्याच मुलखात न्या. कंधार, उदगीर, औसा, खरोसा, देगलूरकडचे होट्टल येथील चालुक्य काळातील देवळे, आणि माहूर. एस.टी. सगळीकडे जाते. खर्च निम्मा होईल. आणि मुलींना घरी ठेवू नका. माझ्या घरात वहीत पहिली नोंद मुलीनेच केली.

दुसरी सूचना विद्यार्थ्यांना. जमिनीवर फिरा आणि आधी होऊन गेलेल्यांचे काय झाले ते पाहा, अशी शिकवण कुरआन शरीफमध्ये वारंवार आली आहे. इब्न बतूता चौदाव्या शतकात मोरोक्कोहून निघून दौलताबादपर्यंत आला. तुम्हांला नांदेडहून कंधारपर्यंत जायचे आहे. बरोबर वही ठेवा, पाणी ठेवा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. ती पुस्तके फार दिवस राहणार नाहीत.

तिसरी सूचना पालकांना, आणि ती स्वतःलाही आहे. मुलगा डॉक्टर झाला, इंजिनिअर झाला, तरी ज्या मातीत त्याला राहायचे आहे ती त्याला परकी वाटत असेल, तर आपले शिक्षण अपुरे राहिले. हमरस्ता त्याला लातूरला लवकर पोहोचवील. आडवाटेने त्याला आपली माणसे भेटतील. वर्षातून एकदा तरी त्याला त्या वाटेने न्या. कोणी हाक मारली तर गाडी थांबवा. जेवून आलात तर त्यांना बोलवा, आणि ते येतील तेव्हा दारात उभे करू नका, आत सतरंजी टाका.

 अल्लाह आपल्या मुलांना इल्म आणि चांगले शेजारी, दोन्ही नसीब करो. खुदा हाफिज.